परांचीवरचा पहिला दिवस

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी आहे. पण ती कोणा घरमालकाच्या तोंडून निघाली असणार, हे उघड आहे. विटांचा भाव, सुताराच्या खेपा, पावसात भिजलेल्या सिमेंटच्या गोण्या आणि शेवटी अंगावर राहिलेले कर्ज, एवढे सगळे त्या म्हणीत येते. डोक्यावर घमेले घेऊन जो वर चढला, तो मात्र तीत कोठे दिसत नाही. आज त्याच्याविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. तज्ज्ञ म्हणून नव्हे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. ओळंबा कसा धरतात हेही मला धड ठाऊक नाही. पण चार वर्षांपूर्वी सोलापुरात मी माझ्या घरावर एक मजला चढवला, आणि त्या सात महिन्यांत जे पाहिले ते मनातून जात नाही.

काम बाहेरच्या गिलाव्याचे होते. बल्ल्या उभ्या केल्या, आडव्या बांधल्या, त्यांवर फळ्या टाकल्या. यालाच परांची म्हणतात. आमच्याकडे कोणी पहाडही म्हणतात. आमचे गवंडी वयस्कर, सगळे त्यांना मामा म्हणत, मीही मामाच म्हणे. त्यांच्या हाताखाली एक नवा बिगारी आला होता, अक्कलकोट तालुक्यातला, एकोणीस वर्षांचा. दुसऱ्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, तो माल देण्यासाठी फळीवरून पुढे गेला आणि फळीच्या अगदी टोकावर पाय दिला. फळी आधाराच्या पुढे हातभर निघालेली होती आणि मागचे टोक बांधलेले नव्हते. जत्रेतला झोपाळा जसा एका बाजूला बसला की दुसऱ्या बाजूने उठतो, तशी ती फळी उठली. मुलगा अकरा फूट खाली आला. एका अंगाला वाळूचा ढीग होता, दुसऱ्या अंगाला विटांची रास. तो वाळूच्या कडेला पडला, म्हणून आज मी हे शांतपणे सांगू शकतो. मनगट मोडले, टाचेला मार बसला.

दवाखान्यात कागद भरताना डॉक्टरांनी वय विचारले, गाव विचारले, मग शिक्षण. तो म्हणाला, "बी. ए. भाग एक." कुठले कॉलेज, तर आमचेच. माझ्याच वर्गातला विद्यार्थी! हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी जूनपासून गैरहजेरी मांडत होतो आणि तो दोन दिवस माझ्या घराच्या भिंतीला माल लावत होता. त्याने मला ओळखले होते. मी त्याला ओळखले नव्हते.

संध्याकाळी मी मामांना विचारले, "त्याला चढवण्याआधी तुम्ही काय सांगितलं होतं?" मामा गप्प बसले. मग म्हणाले, "सांगायचं काय त्यात, सर? म्हटलं, चढ वर, माल दे." चार शब्द. एवढेच त्या मुलाचे प्रशिक्षण. आता यात मामांचा दोष किती काढायचा? ते स्वतः चौदाव्या वर्षी या धंद्यात आले, त्यांनाही कोणी याहून अधिक सांगितले नव्हते. आणि माझे काय? मी रोज सकाळी चहा घेऊन खाली यायचा, सिमेंटच्या गोण्या मोजायचा, भिंतीवर पाणी मारले की नाही ते पाहायचा. फळी बांधली आहे का, हे सात महिन्यांत एकदाही पाहिले नव्हते.

शेतकरी मंडळी हा कार्यक्रम ऐकत असतील, त्यांना एक विचारतो. खोंड मोठा झाला म्हणून कोणी त्याला एकदम भरल्या औताला जुंपतो का? आधी मोकळे जू मानेवर देतात, शेजारी मुरलेला बैल देतात, चार दिवस नांगरटीच्या मऊ रानात हिंडवतात. जनावराच्या बाबतीत आपण जे न चुकता करतो, ते परांचीवर चढणाऱ्या पोराच्या बाबतीत करत नाही. गवंडीकाम हे पाहून शिकण्याचे काम आहे, असे आपण कौतुकाने म्हणतो. खरेच आहे. पण पाहून जशी करणी कशी धरावी ते कळते, तशीच बेफिकिरीही पाहूनच उचलली जाते. मिस्त्री न बांधलेल्या फळीवर चालतो, म्हणून पोरगाही चालतो. फरक इतकाच, की कोणती फळी दगा देणार हे मिस्त्रीच्या तळपायाला तीस वर्षांत कळलेले असते. पोराचे तळपाय अजून शेतातल्या मातीचे असतात.

कायदा नाही असे नाही. केंद्र सरकारने १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राचे नियम २००७ साली आले आणि राज्याचे कल्याणकारी मंडळ २०११ साली. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी खर्चायचा, अशी ही व्यवस्था. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा अधिकारी नेमावा, असेही त्या कायद्यात होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला गेला. पण जुना कायदा घ्या की नवी संहिता घ्या, एक फट तशीच राहिली आहे. दहापेक्षा कमी माणसांचे काम आणि ठराविक खर्चापर्यंतचे स्वतःचे राहते घर, ही दोन्ही बाहेर.

आपल्याजवळचेच उदाहरण घेऊ. सोलापूरजवळ कुंभारीला असंघटित कामगारांसाठी रे नगर उभे राहिले. तीस हजार घरांची योजना, त्यांतली पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्या मालकांच्या हाती आली. एवढ्या मोठ्या कामापर्यंत कायद्याचा हात पोचतो, निदान पोचायला हवा. पण करमाळ्याच्या एखाद्या वाडीतले दोन खोल्यांचे घर, सांगोल्यातला गोठा, माझा वरचा मजला? तेथे चार माणसे, एक मिस्त्री आणि एक मालक. अधिकारी नाही, नोंदवही नाही, तपासणी नाही. आणि आपल्या खेड्यापाड्यांतली बहुतेक कामे अशीच असतात.

मोठ्या कामावर सगळे आबादीआबाद असते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर तुळया बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस माणसे गेली. त्याआधी, जून २०१९ मध्ये, पुण्यात कोंढव्याला भर पावसात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली. पंधरा जण दगावले, आणि ते तर कामावरही नव्हते, झोपले होते. अशा बातम्या दोन दिवस पहिल्या पानावर राहतात. फळीवरून पडलेल्या एकट्या बिगाऱ्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. पुष्कळदा तीही येत नाही.

बांधकाम कामगारांची पेटी आता खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळाकडे नोंदणी केलेल्या कामगारांना ती मिळाली. सुरक्षा संचात हेल्मेट, पट्टा, बूट, हातमोजे, चमकणारे जाकीट, धुळीसाठी मास्क. चांगली गोष्ट आहे. पण एका वस्तीवर मी गेलो होतो, तेथे पट्टा छताच्या आढ्याला बांधून त्याचा पाळणा केलेला पाहिला. बाळ त्यात स्वस्थ झोपले होते. पट्टा कोणाला तरी सांभाळत होता, एवढे समाधान! मी त्या बाळाच्या वडिलांना विचारले, "कामावर का नेत नाही?" ते म्हणाले, "कशाला अडकवायचा ते कोण सांगितलंय, सर? आणि पट्टा बांधला की हात आखडतो बघा."

हा प्रश्न अगदी रास्त होता. पट्टा अडकवायचा कशाला? परांचीच्याच बल्लीला अडकवला, तर परांची कोसळताना ती माणसालाही घेऊन जाते. तो कॉलमला, बीमला, पक्क्या झालेल्या बांधकामाला अडकवायचा, आणि डोक्याच्या वर अडकवायचा. सहा फुटांची दोरी पायाशी अडकवली, तर माणूस आधी पायापर्यंतची उंची पडतो, मग दोरीची लांबी पडतो, वर त्याच्या स्वतःच्या अंगाची लांबी. पहिल्या मजल्यावर एवढी जागाच नसते. दोरी ताणली जाण्याआधी जमीन येते. म्हणजे पट्टा बांधूनही माणूस पडतो आणि लोक म्हणतात, पट्ट्याचा काही उपयोग नाही. हेल्मेटचेही तसेच. हनुवटीखालची पट्टी लावली नाही, तर पडताना हेल्मेट एकीकडे आणि डोके दुसरीकडे. वस्तू दिली आणि शिकवण दिली नाही, की पेटी घरात धान्य ठेवायला उपयोगी पडते.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना मी एक हिशेब करायला सांगितला. वीस फुटांवरून माणूस पडला तर जमिनीवर यायला किती वेळ लागतो? ते म्हणाले, सव्वा सेकंदही नाही, आणि टेकताना वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास. "अरे, धर!" म्हणायलासुद्धा एवढा वेळ पुरत नाही. म्हणून जे सांगायचे ते चढण्याआधी सांगायला हवे.

मग सांगायचे काय? फार नाही, अर्ध्या तासाचे काम आहे. ते कामाच्या जागेवर, हात लावून दाखवत करायचे. फळीची दोन्ही टोके बांधलेली आहेत का, ते हाताने ओढून पाहायचे. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी बल्लीचे बूड पुन्हा पाहायचे. शिडी भिंतीपासून किती दूर लावायची याचा ठोकताळा सोपा आहे: चार हात उंचीला एक हात अंतर, आणि शिडीची टोके छताच्या वर तीन फूट निघालेली हवीत, म्हणजे उतरताना धरायला काही राहते. जिन्याची, डक्टची उघडी भोके फळ्यांनी झाकायची. नुसते पोते टाकून झाकू नये. ते उघड्या भोकापेक्षा वाईट.

तारेचे मात्र जरा थांबून सांगतो. आपल्याकडे घराला रस्त्याच्या बाजूने गॅलरी काढायची हौस फार. समोरून अकरा हजार व्होल्टची तार गेलेली असते. लोखंडाची सळई चाळीस फूट लांब येते. वरचा माणूस ती ओढून घेतो, सळई लवते, तिचे टोक तारेकडे जाते. लक्षात ठेवा, एवढ्या दाबाच्या तारेला स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. फार जवळ गेले तरी वीज हवेतून उडी घेते. घरमालकाने गॅलरीचा हट्ट धरण्याआधी वीज कंपनीच्या माणसाला बोलावून अंतर पाहून घ्यावे, आणि सळ्या तारेच्या बाजूने वर चढवूच नयेत.

दुसरी गोष्ट मातीची. आपल्या जिल्ह्यातली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पाणी लागले की फुगते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पायाचा किंवा नळाचा चर पाच फुटांपेक्षा खोल गेला, की बाजू उतरत्या तरी कराव्यात, नाही तर फळ्या आणि टेकू देऊन धराव्यात. पण होते काय? निघालेली माती लांब टाकायचा कंटाळा म्हणून काठावरच ढीग लागतो. एक ब्रास मातीचे वजन चार टनांच्या वर भरते. तेवढे ओझे भेगाळलेल्या काठावर ठेवायचे आणि खाली माणूस उतरवायचा! छातीपर्यंत माती आली तरी माणूस श्वास घेऊ शकत नाही. डोके उघडे असूनही जातो. विहीर खोदणाऱ्यांना यारीचा दोर रोज सकाळी पाहण्याची सवय असते, ती नसली तर लावावी. आणि जुन्या विहिरीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेला माणूस गप्प झाला, तर त्याच्या मागे कोणी उडी घेऊ नये. तेथे हवाच नसते, किंवा असते ती विषारी असते. पहिल्याला काढायला गेलेला दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, असेच हे मरण जाते. आपले वाडवडील विहिरीत कंदील सोडून पाहत. विहिरीपुरते ते शहाणपणाचे होते. गटारात मात्र कंदील नेऊ नये, तेथला वायू पेट घेतो.

स्लॅबचे टेकू लवकर काढण्याची घाई मिस्त्रीला नसते, मालकाला असते, कारण सेंट्रिंगचे भाडे दिवसावर चढते. साधे सिमेंट, बरे हवामान असेल तर पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा दिवस. वीस फुटांपर्यंतच्या बीमचे चौदा, त्यापुढे एकवीस. टेकू काढणारा माणूस त्या स्लॅबच्या बरोबर खाली उभा असतो, एवढे भाड्याचा हिशेब करताना आठवावे.

बायकांना तर काही सांगायचे असते, हेच कोणाच्या ध्यानी येत नाही. मिक्सरच्या शेजारी दिवसभर ज्या उभ्या असतात, त्यांचा पदर फिरत्या चक्राकडे उडतो. पदर खोचून वर जुना शर्ट घालायचा, हे त्यांचे त्यांनीच शोधून काढलेले आहे; ते आता शिकवण म्हणून सांगायला हवे. ओल्या सिमेंटने हातापायांना जखमा होतात, त्या "कामाच्या" म्हणून अंगावर काढतात. आणि सोलापूरचा एप्रिल-मे. पारा त्रेचाळीसच्या पुढे गेल्यावर काम सकाळी लवकर धरावे आणि दुपारी सोडावे. कोणी असंबद्ध बोलू लागला, त्याचा घाम थांबला, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे आणि तडक दवाखाना गाठावा.

हे सगळे कोणत्या भाषेत सांगायचे, हाही आमच्या शहरात प्रश्न आहे. एकाच परांचीवर तेलुगू, कन्नड, मराठी आणि हिंदी ऐकू येते. भिंतीवर इंग्रजी पाटी लावून कोणाचा जीव वाचत नाही. ज्याला तीन भाषा येतात असा एक तरी गडी प्रत्येक कामावर असतो. सांगण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

शिक्षक बंधुभगिनींना वाटेल, यात आमचा काय संबंध? संबंध आहे. सर्व शिक्षा अभियानात कितीतरी शाळांच्या खोल्या शाळा व्यवस्थापन समितीने आणि मुख्याध्यापकांनी उभे राहून बांधून घेतल्या. म्हणजे तुम्ही त्या कामाचे मालकच होता. हिशेबाची वही तुम्ही चोख ठेवली असेल. फळ्या कोणी पाहिल्या? शिवाय सुट्टीत कामावर जाणारी तुमच्या वर्गातली मुले तुम्हाला ठाऊक असतात, किंवा असायला हवीत. अठरा वर्षांखालच्याला तर या कामावर पाठवूच नये. अठरा पुरी झालेल्याने गेल्या वर्षात नव्वद दिवस काम केले असेल तर त्याची मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. ती करायला त्याला लावा, अर्ज भरायला मदत करा. कामावर मृत्यू आला तर वारसांना पाच लाख रुपये देण्याची मंडळाची योजना आहे. नोंदणी नसेल तर त्यांतले काही नाही.

राहिला एक अडथळा, आणि तो पैशाचा नाही. पट्टा बांधणाऱ्याला सोबतचे हसतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. तेथेही उंचीवर मर्दुमकी दाखवणारे गडी होतेच. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली जाळे बांधले आणि टोपी सक्तीची केली. जाळ्यात पडून एकोणीस जण वाचले. पडले ते काही अडाणी नव्हते. पडतो तो माणूसच असतो. पुढे फेब्रुवारी १९३७ मध्ये परांचीच तुटून जाळ्यावर कोसळली, जाळे फाटले आणि दहा जण गेले. जाळे होते तरी परांची नीट हवीच होती.

आता त्या मुलाचे सांगतो. दवाखान्याचा खर्च मी केला. त्यात मोठेपणा नाही, घर माझे होते. मनगट जुळले, पण अजून थंडीत दुखते. त्या वर्षी त्याची परीक्षा बुडाली, पुढच्या वर्षी दिली. शिकतो आणि सुट्टीत मामांच्याच हाताखाली कामही करतो. मी हजेरीपटावर खूण करण्याआधी आता जरा मान वर करून पाहतो.

मामांनी मात्र एक नवे काढले आहे. मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या कामावर गेलो होतो. एक नवे पोर त्या दिवशी आले होते. मामांनी त्याला वर पाठवले नाही. जमिनीवर दोन विटा ठेवल्या, त्यांवर एक फळी टाकली, एक टोक मुद्दाम लांब सोडले आणि म्हणाले, "जा, टोकावर उभा राहा." पोरगा गेला, फळी उलटली, तो धुळीत बसला. सगळे हसले. आमचा बी. ए.वाला हसला नाही. त्याने त्या पोराला उठवले, खिशातून काथ्याची दोरी काढून त्याच्या हातात दिली, आणि दोघे फळीचे मागचे टोक बांधू लागले.